इंजिनाचा वॉचमन

नॉकिंग म्हणजे काय, हे जो जुन्या फियाटमधून पाच माणसं आणि त्यांच्या बॅगा घेऊन खंबाटकीचा घाट चढलाय, त्याला समजावून सांगावं लागत नाही. पहिली एक-दोन वळणं गाडी गुणाने चढते. मग बॉनेटखालून आवाज सुरू होतो. कुणी त्याला कडकड म्हणतं, कुणी टणटण. गॅरेजवाले ‘ठोकतंय’ म्हणून मोकळे होतात. मागे बसलेली आत्या विचारते, “कसला रे आवाज?” पुढे बसलेले काका ‘काही नाही’ म्हणतात, आणि त्याच वेळी ॲक्सिलरेटरवरचा पाय गुपचूप थोडा वर घेतात. आवाज थांबतो. गाडीही जवळजवळ थांबते. पण आवाज थांबला याचंच सर्वांना समाधान.

म्हणजे नॉकिंगवर ताबा ठेवायची यंत्रणा त्या गाड्यांमध्येही होतीच. काकांचा कान हा तिचा सेन्सर आणि उजवा पाय हे तिचं आउटपुट. दोष एकच, की कॅसेटवर आवडीचं गाणं लागलं की सेन्सर बंद पडायचा. पेट्रोलमध्ये कुणी केरोसीन मिसळलं असेल तर आवाज सपाट रस्त्यावरही यायचा, कारण केरोसीनचा ऑक्टेन फारच कमी. मग काका पंपाचं नाव घेऊन ‘तिथे परत जायचं नाही’ असा ठराव करायचे आणि पुढच्या महिन्यात तिथेच जायचे, कारण दुसरा पंप उलट्या बाजूला होता.

या कान-पायाची जागा पुढे एका काळ्या डबीने घेतली. अमेरिकेत शेवरोलेच्या आणि जीएमसीच्या 1987 ते 1995 सालच्या बऱ्याच पिकअप आणि व्हॅनमध्ये, म्हणजे कार्बोरेटर जाऊन इंजेक्शन आलं पण ते अजून कार्बोरेटरच्याच जागेवर बसत होतं त्या काळात, इंजिनाशेजारी ब्रॅकेटवर ही डबी असे. नाव इलेक्ट्रॉनिक स्पार्क कंट्रोल मॉड्यूल. आकार काड्यापेटीहून थोडा मोठा, तोंडाला मोजून पाच टर्मिनलांचा कनेक्टर. दिसायला इतकी किरकोळ की हरवली तर कुणी शोधणार नाही. पण तिची कामाची पद्धत कळल्यापासून मी तिच्यावर फिदा आहे.

पण आधी आजार. सिलेंडरमध्ये पिस्टन वरच्या टोकाला पोचायच्या थोडं आधीच ठिणगी पडते, कारण ज्वाळेला सगळीकडे पसरायला वेळ लागतो. ज्वाळा प्लगपासून निघते आणि शिस्तीत पलीकडच्या भिंतीकडे सरकते. तोवर पलीकडच्या कोपऱ्यातलं मिश्रण दाबलं जात असतं, तापत असतं. त्याचा धीर सुटला आणि आपली पाळी येण्याआधीच ते आपलं आपण पेटलं, की दाबाच्या लाटा सिलेंडरच्या भिंतींवर आपटतात. तोच आपला आवाज. चार इंच व्यासाच्या सिलेंडरमध्ये तो सेकंदाला साधारण साडेपाच हजार कंपनांचा निघतो. सिलेंडरच्या व्यासावरून हा स्वर कसा काढायचा, ते 1930 च्या दशकात एमआयटीच्या चार्ल्स स्टार्क ड्रेपर यांनी दाखवलं. पुढे याच ड्रेपर यांच्या प्रयोगशाळेने अपोलो यानांना चंद्राची वाट दाखवणारी यंत्रणा केली. म्हणजे चंद्रावर जाण्याआधी माणसाने इंजिनातली कटकट नीट ऐकून घेतली होती.

यावर तातडीचा उपाय सोपा आहे: ठिणगी जरा उशिरा टाका. दाब कमी होतो, कोपऱ्यातलं मिश्रण शांत राहतं. पण ताकदही कमी होते आणि पेट्रोल जास्त जातं. गोम अशी की भरल्या ओझ्याखाली इंजिनाची खरी ताकद नॉकिंगच्या उंबरठ्यावरच असते. कधीच न ठोकणारं इंजिन अंग चोरतंय असं समजावं, आणि सतत ठोकणारं एक दिवस पिस्टनला भोक पाडतं. काकांना हे तत्त्व माहीत नव्हतं. त्यांना फक्त आत्या माहीत होती.

या सगळ्या प्रकरणाचं माहेर ओहायोमधलं डेटन. आम्ही राहतो ते त्याला लागूनचं उपनगर, नाव केटरिंग, आणि ते ज्यांच्यावरून पडलं त्या चार्ल्स केटरिंग यांनी 1912 च्या कॅडिलॅकला इलेक्ट्रिक सेल्फ स्टार्टर दिला. हँडल मारून हात मोडून घेणारी जनता सुखावली. पण इंजिनं ठोकतात त्याचं खापर लोकांनी केटरिंग यांच्याच बॅटरीवाल्या इग्निशनवर फोडलं. बदनामी पुसायला त्यांनी थॉमस मिडग्ली नावाचा तरुण इंजिनिअर कामाला लावला.

दोघांनी मिळून एक तर्क केला, आणि तो मला कुठल्याही यशस्वी तर्काहून जास्त प्रिय आहे. अमेरिकेत एक छोटी रानवेल आहे, ट्रेलिंग आर्ब्युटस. तिच्या पानांची मागची बाजू लालसर, आणि ती बर्फ पुरता वितळण्याआधीच फुलते. तेव्हा लाल रंग उष्णता लवकर शोषत असणार. तेव्हा इंधन लाल केलं तर ते लवकर वाफ होईल आणि ठोकणार नाही! मिडग्ली लाल रंग शोधायला गेले, तो मिळाला नाही, हाताशी आयोडीन होतं, तेच ओतलं. आणि ठोकणं थांबलं. मग खरे लाल रंग आणून घातले, त्यांनी काहीच झालं नाही. रंगाचा संबंधच नव्हता, करामत आयोडीनची होती. चुकीच्या रस्त्याने बरोबर गावाला पोचणं आपल्याकडे एसटीच्या प्रवाशालाच जमतं असं मला वाटायचं.

आयोडीन महाग, शिवाय धातू खाणारं. पुढची पाच वर्षं मिडग्ली दिसेल ते इंधनात घालून पाहत होते. डिसेंबर 1921 मध्ये टेट्राएथिल लेड सापडलं, आणि फेब्रुवारी 1923 मध्ये डेटनच्याच एका पंपावर शिसं घातलेलं पेट्रोल विकायला सुरुवात झाली. ऑक्टोबर 1924 मध्ये न्यू जर्सीत ते बनवणाऱ्या कारखान्यातले पाच कामगार शिशाच्या विषबाधेने मेले. तेव्हा मिडग्ली यांनी पत्रकारांसमोर त्या द्रवाने हात धुऊन दाखवले आणि बाटली नाकाशी धरली. आदल्या वर्षी आपणच शिसं बाधल्यामुळे सुटी घेऊन हवापालटाला गेलो होतो, हे सांगायचं बहुधा वेळेअभावी राहिलं. पुढे फ्रीजमधला फ्रिऑन वायूही त्यांच्याच चमूने काढला, ज्याने नंतर ओझोनच्या थराशी वैर धरलं. एकट्या माणसाने आकाश आणि पेट्रोल अशा दोन्ही आघाड्या सांभाळल्याचं दुसरं उदाहरण मला ठाऊक नाही.

शिशाने इंजिनं गप्प बसली, ती पन्नास वर्षं. मग धुराचा विचार आला, 1975 च्या गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसले, आणि शिसं कन्व्हर्टरला चालेना. अमेरिकेत रस्त्यावरच्या गाड्यांना 1996 पासून ते पूर्ण बंद झालं, भारतात 2000 सालच्या फेब्रुवारीपासून. जगातला शेवटचा देश अल्जीरिया, तिथे ते 2021 मध्ये संपलं. शिसं निघालं तसा ऑक्टेन घसरला आणि इंजिनं पुन्हा बोलू लागली. आता तोंडात कोंबायला औषध नव्हतं. ऐकून घेण्यावाचून इलाज उरला नाही. 1978 च्या टर्बो ब्युइकमध्ये इंजिनाला पहिल्यांदा कान बसला. स्वीडनच्या साबने 1982 च्या मॉडेलांपासून वेगळी युक्ती केली: ठोकल्याचं ऐकू आलं की ठिणगी न हलवता टर्बोचा दाबच कमी करायचा, म्हणजे पेट्रोल कुठलंही भरा, गाडी त्याच्याशी जुळवून घेणार. आणि मग ही काळी डबी ट्रकांत आली.

तिची पद्धत सांगतो. इंजिनाच्या ब्लॉकमध्ये खाली एक नॉक सेन्सर स्क्रूसारखा बसवलेला असतो. त्यात स्फटिक असतो, थरथरला की वीज देणारा. ती थरथर डबीकडे जाते. या विशिष्ट इंजिनाचा ठोका कुठल्या स्वरात पडतो ते डबीला पढवलेलं असतं, म्हणून एका इंजिनाची डबी दुसऱ्याला चालेलच असं नाही. आता कुणालाही वाटेल की ठोका ऐकू आला की डबी कॉम्प्युटरला ओरडून सांगत असेल. उलट. सगळं ठीक असताना डबी कॉम्प्युटरला अखंड आठ ते दहा व्होल्ट देत असते. ठोका पडला की ती गप्प होते. व्होल्टेज शून्य. कॉम्प्युटर या गप्प होण्याचा अर्थ घेतो आणि ठिणगी मागे ओढतो, म्हणजे उशिरा टाकतो. व्होल्ट परत आले की ठिणगी हळूहळू पुन्हा पुढे.

पुण्यात आमच्या सोसायटीचा वॉचमन रात्री तासातासाला शिट्टी फुंकायचा. शिट्टी झाली की लोक कूस बदलून पुन्हा झोपायचे. दोनची शिट्टी झाली नाही की सगळ्या इमारतीत दिवे लागायचे आणि चेअरमन बनियनवर गॅलरीत यायचे. वॉचमनला चोराने बांधून ठेवलं असेल, त्याची शिट्टी हरवली असेल किंवा तो टपरीवर चहाला गेला असेल. चेअरमनच्या लेखी तिन्हीचा अर्थ चोर. काळी डबी ही तो वॉचमन आणि कॉम्प्युटर हा तो चेअरमन. यातलं शहाणपण असं की डबीची कॉम्प्युटरकडे जाणारी वायर तुटली तरी कॉम्प्युटर चोर आला असंच धरतो आणि ठिणगी मागे घेऊन बसतो. गाडी मरगळते, पण पिस्टन वाचतात.

भानगड दुसऱ्या बाजूला आहे. सेन्सरकडून डबीकडे येणारी वायर तुटली, तर वॉचमन बहिरा होतो, पण शिट्टी चालूच! चोर भिंतीवरून उतरलाय, तिसऱ्या मजल्यावरचा टीव्ही खांद्यावर आहे, आणि हा गेटवर सुरेल शिट्टी फुंकतोय. जनरल मोटर्सच्या इंजिनिअरांनी यावर काय करावं? इंजिन 95 अंशांच्या वर तापलेलं असेल आणि पाय जवळजवळ तळाला टेकलेला असेल, अशा वेळी कॉम्प्युटर स्वतःच ठिणगी मुद्दाम लवकर टाकतो. ठोका पडावा म्हणून! आणि डबी गप्प होते का ते पाहतो. झाली, तर वॉचमन जागा आहे. नाही झाली, तर डॅशबोर्डवर दिवा. थोडक्यात चेअरमन महिनाअखेरीला नाही, गाडी सुरू केल्यावर दर खेपेला एकदा, तोंडाला रुमाल बांधून स्वतः भिंतीवर चढतो. इंजिन गार असतानाच खराखुरा ठोका पडून वॉचमनने तो पकडला असेल, तर मात्र त्या खेपेची परीक्षा माफ. माझ्या नोकरीच्या आयुष्यात इतकी न्याय्य मूल्यमापन पद्धत मी पाहिलेली नाही.

हे सारं मी पुस्तकातूनच शिकलो असतो आणि विसरलो असतो. पण एका उन्हाळ्यात मामा, म्हणजे माझे सासरे, आमच्याकडे आले. मामांची हयात कोल्हापुरात एसटीच्या वर्कशॉपात गेली. ओहायोतल्या शांततेत त्यांना झोप येईना. तिसऱ्या दिवशी सकाळी ते मला म्हणाले, “जावईबापू, शेजारच्या सायबांच्या गाडीला दम लागतोय बघा.”

शेजारी निवृत्त गृहस्थ, गाडी 1990 ची शेवरोले पिकअप, 5.7 लिटरचं इंजिन. अंगणात घालायचा लाकडाचा भुसा भरून ते चढावर यायचे तेव्हा ती खरंच कण्हत यायची.

“ठोकत असेल,” मी माझं ज्ञान पाजळलं.

“ठोकत न्हाई. त्येच तर म्हणतोय. एवढं वझं घालून चढाला लागलंय आन् एक ठोका न्हाई? टायमिंग मागं पडलंय ह्येचं.”

आवाज नाही हाच आजार, हे निदान मामांनी दोन अंगणं पलीकडून, चहाचा कप हातात धरून केलं. मी आदराने गप्प बसलो. एसटीच्या डिझेल इंजिनात तर ठिणगीच नसते. तिथे इंधन दाबानेच पेटतं. पेट्रोलमध्ये जो गुन्हा तोच डिझेलमध्ये धंदा. त्या कडकडाटात आयुष्य काढलेल्या कानाला शांतता लगेच खुपते.

ओळख करून दिली. मामांचं पहिलं वाक्य पेट्रोलविषयी होतं. शेजारी म्हणाले, सत्त्याऐंशी ऑक्टेन भरतो. मामांनी माझ्याकडे कीव करून पाहिलं. “आमच्याकडं एक्क्याण्णव मिळतंय म्हणावं. साधं!” इथे मला मध्ये पडावं लागलं. ऑक्टेन मोजायच्या दोन पद्धती आहेत. आपल्याकडे पंपावर त्यातला वरचा आकडा सांगतात, अमेरिकेत दोन्हींची सरासरी. इथलं सत्त्याऐंशी आणि आपलं एक्क्याण्णव हे जवळपास एकच पेट्रोल. मामांनी हे ऐकून घेतलं, पण मान्य केलं असं मला वाटत नाही. ऑक्टेनच्या मोजपट्टीवर शून्य गुण ज्या हेप्टेनला देतात ते सुरुवातीला जेफ्री पाइन नावाच्या झाडाच्या राळेतून काढत, हेही मी सांगून पाहिलं. तेव्हा दोघेही बॉनेट उघडत होते.

डॅशबोर्डवर ‘सर्व्हिस इंजिन सून’ अशी अक्षरं पेटलेली होती. किती दिवसांपासून, असं विचारल्यावर शेजारी म्हणाले, मागच्या थँक्सगिव्हिंगपासून. सूनचा इतका सैल अर्थ लावणारा माणूस मामांना एकदम आपला वाटला.

त्या काळच्या या गाड्यांचा बोलका कॉम्प्युटर वाचायला स्कॅनर लागत नाही. डॅशबोर्डखाली बारा पिनांचा कनेक्टर असतो, त्यातल्या वरच्या ओळीतल्या उजवीकडच्या शेजारशेजारच्या दोन पिना एका यू-पिनेने जोडायच्या आणि चावी फिरवायची, इंजिन सुरू करायचं नाही. मग तोच दिवा उघडमीट करून बोलतो. मी माझ्या ऑफिसच्या फायलीची यू-पिन वाकवून दिली. दिवा एकदा लुकलुकला, थांबला, दोनदा लुकलुकला. बारा. हे त्याने तीन वेळा केलं. बाराचा अर्थ, डिस्ट्रिब्युटरकडून खबर येत नाही, म्हणजे इंजिन फिरत नाहीये. म्हणजे इंजिन बंद आहे हे तो इंजिन बंद करून बसलेल्या माणसांना तीनदा सांगतो. मामा म्हणाले, “हेडऑफिसचा दिसतोय.” मग चार वेळा, थांबून तीन वेळा. त्रेचाळीस. हाही तीनदा. स्पार्क कंट्रोलचा कोड.

शेजाऱ्यांनी तत्काळ दुकानात जाऊन नवा नॉक सेन्सर आणला. कोडमध्ये ज्याचं नाव त्याला बदला, अशी त्यांची साधी श्रद्धा. मामा सांगत होते, आधी मीटर लावा. मी भाषांतर करेपर्यंत शेजारी गाडीखाली गेलेसुद्धा. आता या इंजिनात सेन्सर कुठे बसवलाय, तर ब्लॉकमधलं कूलंट काढून टाकायच्या भोकात. तो सुटला की कूलंटही सुटतं. गाडीखालून आलेल्या शब्दांचं भाषांतर मामांनी मागितलं नाही. कोल्हापूरला त्यांची गरज पडत नाही. शेजारी बाहेर आले तेव्हा त्यांची उजवी बाही काखेपर्यंत हिरवी होती. नवा सेन्सर बसला. दिवा लागला. यू-पिन लावली. बारा, बारा, बारा. त्रेचाळीस.

मग मीटर लागलं. डबीच्या तोंडाशी वायरवर नऊ व्होल्ट. वॉचमन ठणठणीत शिट्टी फुंकत होता! तीच वायर कॉम्प्युटरच्या टोकाला, शून्य. म्हणजे शिट्टी गेट आणि गॅलरी यांच्यामध्येच कुठेतरी विरत होती. मामांनी वायरिंगवरची प्लास्टिकची नळी बोटांनी चाचपत चाचपत नेली, मधेच थांबले, आणि नळी उकलली. आत वाळलेलं गवत, ओकच्या बियांची टरफलं, आसनाच्या गादीतला थोडा कापूस, आणि दोन्ही बाजूंनी व्यवस्थित कुरतडलेली तांब्याची वायर.

“उंदीर,” मामा म्हणाले, आणि त्यांनी नकळत हात जोडले. आमच्याकडे गणपती बसायला आठवडा उरला होता. बाप्पाच्या वाहनाने शेवरोलेच्या वाहनाची बोलती बंद केली होती.

वायर सोल्डर झाली, वर टेपही बसली. आता तपासणी. या यंत्रणेची पुस्तकातली तपासणीसुद्धा लिहून ठेवण्यासारखी आहे: इंजिन जरा फिरतं ठेवायचं, टायमिंग लाइट धरायचा, आणि सेन्सरजवळ ब्लॉकवर पान्याने टकटक करायची. कान शाबूत असेल तर टायमिंगची खूण मागे सरकते. तेव्हा शेजारच्या ड्राइव्ह-वेवर एक गृहस्थ लाइट धरून वाकलेले आणि दुसरे धोतराचा सोगा कमरेला खोचून चालू इंजिनाला पान्याने बडवतायत, असं दृश्य दिसत होतं. कुत्रा फिरवायला निघालेल्या बाई रस्ता ओलांडून पलीकडे गेल्या. खूण सरकली.

तरी गाडी मध्येच, एका ठरावीक वेगाला, मागे ओढायची. दिवा नाही, कोड नाही, ठोकाही नाही. इथे डबीचा खरा स्वभावदोष कळतो. तिला स्वर ओळखता येतो, माणूस नाही. सैल नट, वाजणारे टॅपेट, हौशी लोक बसवतात ते एक्झॉस्टचे हेडर, या कशाचाही आवाज त्या स्वराच्या आसपास गेला की ती इमानाने गप्प होते आणि कॉम्प्युटर ठिणगी ओढतो. मांजर उडी मारून गेलं तरी शिट्टी बंद. काही गाडीवाले यावर उपाय म्हणून सेन्सरची वायरच काढून टाकतात. कटकट नको असेल तर कान कापा, हा विचार फार जुना आहे. मग कॉम्प्युटर रुमाल बांधून भिंतीवर चढतो, कुणी त्याला पकडत नाही, आणि त्रेचाळीस नंबरचा दिवा लागतो. मला या जागेवर नेहमी उभं राहून टाळ्या वाजवाव्याशा वाटतात.

मामांनी वायर कापायचा सल्ला दिला नाही. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनावर आणि मूठ कानाला, अशी त्यांनी एकेक जागा ऐकली, आणि अल्टरनेटरच्या ब्रॅकेटपाशी थांबले. एक बोल्ट बोटाने फिरत होता. तो आवळल्यावर ती ओढही गेली. काळ्या डबीने जे ऐकलं होतं तेच मामांनी ऐकलं. फरक इतकाच की मामांना तो बोल्ट आहे हे कळलं. शेजाऱ्यांनी मजुरी विचारली. मामांनी गाडी चालवून दाखवायला सांगितलं.

पण उंदीर अजून गाडीतच राहत होता. शेजाऱ्यांनी गॅरेजातून लोखंडी पट्टीचा खटका आणला. मामांनी तो हातातून काढून घेतला. “सायबाला सांगा, ह्या आठवड्यात न्हाई. कुठल्याच आठवड्यात न्हाई, पण ह्या आठवड्यात तर अजिबात न्हाई.” मी विषय शक्य तितका थोडक्यात समजावला: आमच्याकडे जे दैवत येणार आहे त्याचं हे वाहन. शेजाऱ्यांनी क्षणभर विचार केला आणि विचारलं, “हे? त्या वजनाला?” मग ते मुकाट्याने जाळीचा पिंजरा घेऊन आले. आत पीनट बटर. दुसऱ्या सकाळी पाहुणा आत बसून मिशा साफ करत होता.

त्याला सोडायला ओढ्याकाठच्या बागेपर्यंत जायचं ठरलं, त्याच पिकअपमधून. पुढची सीट सलग. शेजारी चालवायला, मी मधे, मामा खिडकीशी, मांडीवर पिंजरा. बागेकडे जाणारा रस्ता शेवटी चांगलाच चढतो. मागे भुसा भरलेला. इंजिन तापलेलं. शेजाऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली, आणि त्यांनी पाय तळाला टेकवला.

गाडी उसळली. बॉनेटखालून कड-कड-कड असे तीन-चार ठोके आले, आणि लगेच थांबले. गाडी चढतच राहिली.

“ऐकलं त्येनं!” मामा ओरडले आणि त्यांनी डॅशबोर्डवर थाप मारली. शेजारी इतके खूश झाले की ओढ्याची जागा ओलांडून पुढे गेले. वळण घेऊन यावं लागलं.

मामांनी पिंजरा गवतात ठेवला, दार वर उचलण्याआधी हात जोडले, आणि स्पष्ट आवाजात म्हणाले, “मोरया! आन् बरं का, पुढच्या वर्षी अजिबात लवकर येऊ नका.”

शेजाऱ्यांनी मला विचारलं, ते काय म्हणाले. मी सांगितलं. ते पिंजऱ्यापाशी वाकले आणि उंदराला म्हणाले, “सर, यापुढे टोयोटा बघा.”